चार फडकी आणि एक डोंगर

फाल्गुन शुद्ध ५, फसली १३४७

डोंगर पेटून आज तिसरा दिवस. गेल्या पावसाळ्यात गवत पुरुषभर वाढलं, कापलं कोणीच नाही, आणि आता पळसखोरीच्या डोक्यावरचा सगळा डोंगर धुमसतो आहे. दरवर्षी कोणी ना कोणी काडी लावतंच. जळल्यावर नवं गवत लवकर फुटतं, मोहाची फुलं वेचायला जमीन साफ होते, असं इथले लोक म्हणतात. पण दरवर्षी दोन दिवसांत विझतं. यंदा विझायचं नाव नाही.

तहसीलदार साहेब परवा डोंगरापलीकडे शिकारीला आले होते. धुरात त्यांना ना ससा दिसला ना हरीण. साहेब स्वतःच खोकत तंबू गुंडाळून गेले. त्याचा परिणाम असा की आज चपराशी हुकूम घेऊन आला: डोंगराच्या धुराची बाधा कोणत्या ठिकाणी किती, याचा तख्ता, म्हणजे रकाने पाडलेला तक्ता, पाडव्यापर्यंत सादर करावा. सरकारी कागद उर्दूत, आणि गावात उर्दू लिहिता येणारा मी एकटा, तेव्हा शास्त्रज्ञही मीच. चौदा वर्षं मास्तरकी केली, पण सरकारला माझी योग्यता आज कळली.

हुकूम मी आमच्या पार्वतीबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या लसूण सोलत होत्या.

"पोरीचे दिवस भरत आलेत, अन् तुमाला धुराचं पडलंय," एवढंच म्हणाल्या.

मनकर्णा, आमची एकुलती एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. जावई राधाकिशन पूर्ण्याला रेल्वेत आहेत. रेल्वेत म्हणजे इंजनात कोळसा टाकतात. मला शिकलेला जावई हवा होता. असो.

फाल्गुन शुद्ध ७

शास्त्राला मोजमाप लागतं. खूप विचार करून युक्ती काढली. पांढऱ्या कापडावर धूर बसतो. जिथे कापड जास्त काळं, तिथे धूर जास्त. पाडव्याला नेसायला ठेवलेलं नवं धोतर काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. पार्वतीबाईंनी ते फाडताना पाहिलं. त्यानंतर दुपारपर्यंत त्या माझ्याशी भांड्यांच्या आवाजातूनच बोलल्या.

शाईने आकडे घातले. पहिलं फडकं बोरीच्या मास्तरांच्या दाराला; बोरी डोंगरापासून लांब. दुसरं आमच्या चावडीला. तिसरं डोंगराच्या कुशीत धनगरांची वरची वाडी आहे तिथे, आश्रुबाच्या झोपडीला. आणि चौथं आमच्या अंगणात, शुद्ध हवेचा नमुना म्हणून. तुलना करायला एक तरी फडकं स्वच्छ हवं, आणि मास्तराच्या घरची हवा स्वच्छ असणारच.

फाल्गुन शुद्ध ९

पाटील माणिकराव यांना सांगून दवंडी दिली. मजकूर माझा: "ऐका हो ऐका, डोंगराचा धूर अंगाला बरा नाही, तरी सर्वांनी दारं-खिडक्या लावाव्यात, धाब्यावरची धुराची भोकं झाकावीत."

शेजारची कडूबाई पाण्याला निघाली होती, ती थांबली. "मास्तर, भोक झाकलं तर चुलीचा धूर जाईल कुठून?"

मी तिला समजावलं की धुराचे दोन प्रकार असतात, घरचा आणि परका. घरच्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. खरी भीती परक्याची. कडूबाईने मान हलवली आणि गेली. अडाणी माणसाला समजेल असं सांगणं ही एक कलाच आहे.

फाल्गुन शुद्ध ११

मुलगी झाली! सकाळी, दिवस हातभर वर आल्यावर. सुईण तानुबाई बाहेर येऊन म्हणाली, "नात झाली मास्तर, अन् नाक तुमचंच हाय." आतून पार्वतीबाई म्हणाल्या, "लहान हाय आजून, सुधारंल."

तानुबाईचा कारभार सुरू झाला. बाळंतिणीची खोली बंद, बाजेखाली शेगडी, आणि सकाळ-संध्याकाळ ओवा, बाळंतशोपा आणि लसणाच्या सालींची धुरी. चाळीस वर्षांचा अनुभव आहे तिचा, त्यात मी बोलत नाही. मी माझ्या शास्त्रापुरतं पाहिलं. डोंगराचा धूर बाळापर्यंत जाऊ नये म्हणून स्वतः शिडी लावून धाब्यावर चढलो, खोलीवरचं भोक घमेल्याने झाकलं, आणि घमेल्याच्या कडेने चिखल लिंपला. एक फट ठेवली नाही. उतरताना गुडघा सोलला, पण नातीसाठी एवढं करायलाच हवं.

नात इवलीशी आहे. मूठ उघडत नाही. मी बोट घातलं तर तेवढं घट्ट धरलं.

फाल्गुन शुद्ध १३

अंगणातलं चौथं फडकं खुंटीवर दिसेना. विचारलं तर पार्वतीबाई म्हणाल्या, "हाय सुखरूप. लागंल तवा मागा." शास्त्रीय नमुना घरातल्या घरात हलला तर बिघडत नाही, म्हणून वाद घातला नाही.

फाल्गुन पौर्णिमा, होळी

आज पेचात पडलो. गाव धुराने हैराण, आणि वर होळी पेटवायची. पाटलांना म्हणालो, यंदा लहान करा. त्यांनी ऐकलं आणि नेहमीच्या निम्मी रचली. लोकांनी बोंबा मात्र दुप्पट मारल्या, आणि त्यातल्या काही माझ्या नावाच्या होत्या. तख्त्यात होळीचा धूर घरचा धरावा की परका, हे ठरेना. शेवटी सणाचा म्हणून सोडून दिला.

फाल्गुन वद्य २

नुसत्या फडक्यांवर भागणार नाही, खोकणारी माणसंही मोजावीत असं ठरवलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर भजनाला बसलो. डाव्या हातात टाळ आणि उजव्या हातात चिंचोके. जो खोकेल त्याचा एक चिंचोका खिशात. भजन संपलं तेव्हा खिसा भरला होता आणि टाळ वाजवायचा राहिला होता.

एक गोष्ट विचित्र आहे. ज्यांनी माझी दवंडी अक्षरशः पाळली, दारं-भोकं सगळी बंद केली, तीच घरं जास्त खोकतात. कडूबाईने कधी कोणाचं ऐकलं नाही, तिने भोक झाकलंच नाही म्हणे, आणि ती ठणठणीत आहे. यावरून असं दिसतं की आज्ञाधारक माणसं मुळात नाजूक असतात. तख्त्यात एक टीप द्यावी.

फाल्गुन वद्य ४

बाळ दोन दिवस नीट दूध ओढत नाही. छातीत घुरघुर आहे. मध्येच खोकतं. एवढ्याशा जिवाला खोकताना पाहिलं की आपलीच छाती दुखते. मनकर्णाचे डोळेही लाल आहेत. रडून का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "न्हाई बाबा, चुरचुरायलेत नुसते."

तानुबाई म्हणाली, "डोंगराचं वारं लागलंय. आजपास्नं धुरी चार येळा देऊ."

मी दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. डोंगराकडे पाहिलं की आता राग येतो. एवढा मोठा डोंगर, आणि त्याला माझी पाच दिवसांची नात सापडली.

पाच नाही, आज नववा दिवस. मोजण्यातही चुका व्हायला लागल्या. मला भीती वाटते आहे, हे इथेच लिहितो. घरात बोलण्याची सोय नाही.

फाल्गुन वद्य ५

पहाटे उठून वरच्या वाडीला गेलो. डोळ्यांतून पाणी काढणारा धूर होता. मला वाटलं होतं, वाडीत निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली असणार. अकरा घरं मोजली. खोकणारे तीन, त्यातला एक बिड्या ओढणारा.

आश्रुबा मेंढरं सोडायच्या घाईत होता. बायको-पोरं, कुत्रा, कोंबड्या, सगळा कबिला बरोबर निघालेला.

"सगळी कुठे निघालात रे?"

"पल्याडच्या खोऱ्यात. सकाळच्या पारी गार वारं डोंगरावरून खाली उतरतंय, त्याच्यासंगं धूर. ऊन तापलं की वारं पालटतंय, धूर वर जातोय. तवा आमी माघारी येतो. दुपारपस्तोर हितं थांबायचंच कामून?"

"आणि स्वयंपाक?"

"भाईरच की. झोपडीत चूल पेटवली तर झोपडी बी डोंगरासारखी व्हईल." मग म्हणाला, "लेकरू कसं हाय, मास्तर?"

मी सांगितलं. तो हसायचा थांबला. "तिच्या खोलीची दारं उघडत जा. दुपारी. वारं खेळू द्या जरा."

मी त्याला धुराचे दोन प्रकार समजावले. त्याने ऐकून घेतलं आणि मेंढरांमागे गेला. त्याचं बोलणं प्रेमाचं असलं तरी त्याला आधार काय? मेंढरांचा अनुभव माणसांना लावता येत नाही. टिपणात लिहिलं: "वाडीचे लोक हट्टी असल्याने त्यांना धूर बाधत नाही."

फाल्गुन वद्य ६

उद्या बारसं. बाळाने आज जेमतेम तीनदा दूध घेतलं. रडणंही बारीक झालं आहे, मांजराच्या पिलासारखं. आधी तिच्या रडण्याने माझं लिहिणं थांबायचं. आज ती रडत नाही म्हणून लिहवत नाही. पार्वतीबाई दिवसभरात मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत.

फाल्गुन वद्य ७

आजचं जसं घडलं तसं लिहितो. काही लपवलं तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

राधाकिशन बहिणीला घेऊन सकाळच्या गाडीने निघून, पुढे बैलगाडीने, दुपारी पोचले. कपाळापासून कानापर्यंत काजळी. वाटेत धुतली असती तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात आश्रुबाही आला. बाळाला पांघरायला त्याने नवं घोंगडं आणलं होतं आणि त्यात त्याच्या झोपडीचं फडकं गुंडाळलं होतं. चावडीचं मी सकाळीच आणलं होतं, बोरीचं कालच्या बाजारी. मी आत ओरडलो, "अगं, आपलं फडकं दे." पार्वतीबाईंनी दाराच्या फटीतून हात काढून फडकं दिलं. मी न बघताच बाकीच्यांत ठेवलं. स्वच्छ फडक्यात बघायचं काय?

पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून ओसरीवर सतरंजी घालून चारही फडकी मांडली. जावयांना म्हणालो, "तुम्ही धुरातलेच आहात. पाहा, शास्त्र काय असतं ते."

एक जवळजवळ पांढरं होतं, एक पिवळसर, एक राखाडी. आणि एक तव्याच्या बुडासारखं काळं. शाईचा आकडाही त्यात बुडून गेलेला.

"हे वरच्या वाडीचं," मी काळं फडकं उचलून म्हणालो. "आश्रुबा, बघ तुम्ही काय हवा खाता ते."

आश्रुबाने वाकून पाहिलं. "हे आमचं न्हाई, मास्तर. आमच्याला मी कोपऱ्यात गाठ मारली व्हती, कुत्र्यानं वढलं म्हनून. हे बगा." गाठ राखाडी फडक्याला होती.

"मग बोरीचं असेल."

"ह्या पांढऱ्याला एका कडंला खळ हाय," राधाकिशन हळूच म्हणाले. खरंच, बोरीच्या मास्तरांनी फडकं शाळेतल्या खळीनेच दाराला चिकटवलं होतं. चावडीचं पिवळसर मी स्वतः खिळ्यावरून ओढलं होतं, भोक दिसत होतं.

मी काळं फडकं उलटंसुलटं केलं. "मग हे कुठलं?"

आतून पार्वतीबाई म्हणाल्या, "कुठलं म्हंजे? बाजेवरचं. धाब्याची माती गळती लेकराच्या अंगावर, म्हनून मी तेरसीलाच ते चारी कोपऱ्यांनी बांधलं व्हतं. आता मागितलं म्हनून सोडून दिलं की."

माझ्या नातीच्या तोंडापासून दोन हातांवर दहा दिवस ते फडकं होतं. जे त्याने घेतलं तेच तिने घेतलं.

राधाकिशन उठले. त्यांनी आधी दाराच्या चिंध्या ओढून काढल्या, दार सताड उघडलं, शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. मग कोणाला न विचारता शिडी लावली. वरून चिखल फुटल्याचा आवाज आला आणि घमेलं गडगडत अंगणात पडलं. दुपारचं वारं वाहत होतं. डोंगराचा धूर वर, पार लांब, उभा गेलेला. आमच्या धाब्याच्या भोकातून मात्र धूर असा निघाला, की कडूबाई घागर टाकून "आग लागली" म्हणत धावत आली.

जावई खाली उतरले. हात झटकत म्हणाले, "मामा, इंजनाची चिमणी झाकली तर डायवर मला आधी हानील, मंग इंजन थांबवंल." माझ्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाले, "तुमाला ठावं नसणार. तुमी कुठं कोळसा टाकलाय."

तानुबाई बिथरली. "चाळीस वर्सं धुरी देतीया मी! कुन्या लेकराला..."

"तवा भोक उघडं असायचं, तानुबाई," पार्वतीबाई म्हणाल्या. मग पार्वतीबाई माझ्याकडे वळल्या, आणि दोन दिवस साठवून ठेवलेलं एका दमात बोलल्या. "घरचा धूर अन् परका धूर! बोरीपस्तोर पायपीट केली, डोंगर चढून आलात, चिंचोके मोजले. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

त्या बोलल्या याचंच मला बरं वाटलं.

बारसं ओसरीवर झालं, मोकळ्या हवेत. जावयांच्या बहिणीने नाव ठेवलं, चंद्रभागा. पाळण्याची दोरी ओढताना मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. चंद्रभागा डोळे मिटून होती. श्वास घेताना बरगड्या दिसत होत्या.

फाल्गुन वद्य ८

धुरी बंद. स्वयंपाक अंगणात. सकाळी डोंगराचं वारं उतरतं तेवढा वेळ मनकर्णा आणि बाळ दार लावून आत, पण शेगडी नाही, चूल नाही. ऊन तापलं की सगळं उघडं. आश्रुबाच्या मेंढरांचं वेळापत्रक माझ्या नातीला लावलं आहे. राधाकिशन रजा वाढवून राहिले. बाळाला उभं धरून ओसरीवर फेऱ्या घालतात. मी मागे मागे.

फाल्गुन वद्य ९

दूध पाच वेळा.

फाल्गुन वद्य १०

पहाटे झोपेत असताना कोणीतरी भोंगा वाजवावा तसा आवाज झाला. धडपडत उठलो. चंद्रभागा रडत होती. मांजराच्या पिलासारखं नाही, चांगलं गावाला ऐकू जाईल असं. मनकर्णा हसत होती, पार्वतीबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि जावई म्हणाले, "हां, आता शिट्टी बरोबर वाजली."

मीही रडलो. तिथेच, सगळ्यांसमोर.

सकाळी पाटलांकडे जाऊन दुसरी दवंडी मागितली. माणिकरावांनी विचारलं, पहिलीचं काय झालं? म्हणालो, ती चुकली. त्यांनी दोनदा विचारलं, कारण मास्तर चुकतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नवा मजकूर असा: "ऐका हो ऐका, सकाळी धूर उतरेल तेव्हा दार लावा, पण आत चूल पेटवू नका. दुपारी वारं पालटलं की दारं-भोकं सगळी उघडा. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना मोकळ्यात बसवा. मागची दवंडी मास्तराची होती, ही आश्रुबाची आहे."

शेवटचं वाक्य दवंडीवाल्याने स्वतःच्या मनाने तीनदा म्हटलं. कडूबाई दारात उभी होती. "घरच्या धुराचं काय म्हनलात मास्तर त्या दिशी?" म्हणाली. मी मान खाली घालून पुढे गेलो. चार दिवस हे चालायचंच.

फाल्गुन वद्य १३

तख्ता लिहिला. आज्ञाधारक माणसांची टीप खोडली. हट्टी लोकांचीही खोडली. सर्वांत जास्त बाधित ठिकाणाच्या रकान्यात वरची वाडी लिहिणं सोपं होतं. साहेबांना तेच अपेक्षित असेल. दौत उघडली, काळं फडकं पुढ्यात ठेवलं. मग लिहिलं: "मौजे पळसखोरी, व्यंकटराव मास्तराचे घर, बाळंतिणीची खोली." कारणाच्या रकान्यात आधी "डोंगर" लिहिलं. ते खोडून "मास्तर" लिहिलं. खाली बारीक अक्षरात डोंगरही घातला, कारण तो काही अगदीच निर्दोष नाही. पुरावा म्हणून काळं फडकं सोबत जोडलं.

पार्वतीबाईंनी मला विचारलं, "काय लिव्हलंय ते वाचून दाखवा." दाखवलं. संध्याकाळी ताटात तूप जास्त होतं.

चैत्र शुद्ध १, पाडवा

परवा डोंगर आपोआप विझला. काळाठिक्कर पडला आहे, पण खालच्या अंगाला हिरवं दिसायला लागलं. आश्रुबा खूश आहे. राधाकिशन पूर्ण्याला परत गेले. जाताना मी त्यांना गावाच्या वेशीपर्यंत पोचवलं. तख्त्याची एक मराठी नक्कल वाचायला मागून घेतली त्यांनी. मी म्हणालो, चुका असतील तर सांगा. हे मी कोणाला म्हणेन असं महिन्यापूर्वी वाटलं नव्हतं.

गुढी उभारली. नेसायला नवं धोतर नव्हतं, जुनंच नेसलो. उरलेल्या तीन फडक्यांपैकी पांढरं होतं ते, म्हणजे बोरीचं, धुऊन पाळण्यावर बांधलं आहे. रोज संध्याकाळी ते सोडून उजेडात नेऊन बघतो. पार्वतीबाई हसतात. हसू द्या.

आजही सोडलं, दारात नेलं, उलटंसुलटं करून पाहिलं. काजळीचा ठिपका नाही. एका कोपऱ्यात तेवढा पिवळा डाग होता. मी घाबरून मनकर्णाला हाक मारली, तर ती पाळण्यामागून म्हणाली, "बाबा, तो डोंगराचा न्हाई, तुमच्या नातीचा हाय. दुसरं फडकं हाताशी नव्हतं."